ब्रायटनची छत्री: मान की देखावा?

माळावरचा: इंग्लंडात ब्रायटनजवळ पॅचमच्या टेकाडावर पांढऱ्या संगमरवराची छत्री, म्हणजे घुमटाचं स्मारक आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी झालेल्या आपल्या शिपायांना ब्रायटनच्या इस्पितळांत आणत. त्यातले जे हिंदू नि शीख दगावले, त्यांना याच जागी अग्नी दिला, रक्षा समुद्रात सोडली. दहनाच्या जागेवर ग्रॅनाइटच्या तीन शिळा आहेत. आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स यांचा, अनावरण १९२१ साली ब्रिटिश युवराजाच्या हस्ते. परमुलखात इतक्या अदबीनं केलेल्या कामाला 'साम्राज्याचा देखावा' म्हणून मोडीत काढणं मला पटत नाही.

रोखठोक: कसली अदब? त्यावर कोरलेला लेख वाचलात का? 'राजा-सम्राटासाठी' प्राण दिले म्हणे! आणि नाव एकाचंही नाही. तिकडे खेड्याखेड्यातल्या युद्धस्मारकाच्या क्रुसावर गावच्या पोरांची नावं कोरलेली आहेत. आपली ५३ नावं लागली २०१० साली, तीही शेजारी वेगळ्या दगडावर. म्हणजे ८९ वर्षं थांबले बिचारे.

माळावरचा: नावांचं मान्य. पण छत्रीची कल्पना गोऱ्यांची नव्हेच. १९१५ साली भारतीय वैद्यकीय सेवेतल्या दासगुप्ता या अधिकाऱ्यानं ती ब्रायटनच्या महापौरांपुढे मांडली. तिला 'देखावा' म्हणालात की त्या माणसाचं श्रेयही पुसलं जातं.

शेंगदाणा: ब्रायटनच्या रॉयल पॅव्हिलियन या जुन्या राजवाड्यातल्या इस्पितळात नऊ स्वयंपाकघरं होती. हिंदू-मुसलमानांचे पाण्याचे नळसुद्धा वेगळे. सोय खरीच होती. पण तिथले फोटो आणि पोस्टकार्डं इकडे भरती चालू राहावी म्हणूनही वापरली गेली, आणि बरे होणाऱ्या शिपायांच्या बाहेर फिरण्यावर निर्बंध होतेच. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं ना?

रोखठोक: असू शकतं, पण मग 'अदब' शब्द मागे घ्या. दुसऱ्या महायुद्धात त्याच टेकाडावर लष्कराचा सराव चालायचा, तेव्हा छत्रीवर गोळ्या झाडल्या गेल्या. नंतर डागडुजी केली, ठीक. स्वतःच्या गावच्या क्रुसावर नेम धरला असता का?

खडकीकर: मला वेगळाच प्रश्न पडतो. खडकीच्या सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, दोन कंपन्या १९१४ च्या ऑक्टोबरात फ्रान्समधल्या न्यूव्ह शापेलला लढल्या, पूना हॉर्स हे घोडदळही फ्रान्सात होतं. पुण्यात किती जणांना माहीत आहे? इंग्रजांकडे हिशेब मागायला आपण पुढे, स्वतःच्या शिपायांबद्दल मात्र 'पगारासाठी गेले' म्हणून हात झटकतो.

रोखठोक: पगारासाठीच गेले की. त्यात कमीपणा काय? घरात खाणारी तोंडं होती. तेच स्पष्ट लिहा, सम्राटाची भक्ती त्यांच्या माथी मारू नका.

माळावरचा: मग दगड खरवडायचा का? मी म्हणतो, मूळ लेख राहू द्या. १९२१ साली सत्ता काय बोलत होती याचा तो पुरावा आहे. तुम्हाला हवं ते शेजारी लिहा, नावंही शेजारीच लागलीत.

शेंगदाणा: शेजारी लिहायला माझी हरकत नाही. मजकूर कोण ठरवणार, तेवढं बोला.