विषय : अधिवेशनाचे कपडे – क्यूब माणसागणिक भरायचे की वस्तूगणिक?

प्रेषक : वेशभूषा समिती

सर्वांना सप्रेम नमस्कार.

अधिवेशनातल्या प्रयोगांसाठी विमानाने न्यायचे कपडे शनिवारी सभागृहात भरायला बसण्याआधी एका गोष्टीचा निर्णय आजच व्हायला हवा. मागवलेले पॅकिंग क्यूब, म्हणजे बॅगेच्या आत कपडे वेगवेगळे ठेवायच्या चेनच्या चौकोनी पिशव्या, आले आहेत आणि ते लावणी, लेझीम व नाटक या तिन्ही गटांना पुरतील. माझा आग्रह असा आहे की प्रत्येक कलाकाराचा स्वतंत्र क्यूब असावा आणि त्याचा किंवा तिचा संपूर्ण पोशाख, म्हणजे शिवलेली नऊवारी, चोळी, अंबाड्याचे सामान, कंबरपट्टा, नथ आणि घुंगरू, एकत्र त्यातच जावा. वरच्या जाळीतून दिसेल अशी नावाची व प्रवेशाच्या क्रमांकाची चिठ्ठी आत ठेवावी. रंगमंचामागे दोन प्रवेशांच्या मधल्या वेळात कोणालाही बॅग उपसत बसावे लागू नये, हा त्यामागचा पहिला हेतू.

दुसरा हेतू फेट्यांचा आहे. गेल्या खेपेला सगळे फेटे एकाच बॅगेत होते आणि ती बॅग कधी पोहोचली हे मी पुन्हा सांगत नाही. क्यूब वस्तूगणिक भरले की तीच परिस्थिती नव्याने निर्माण होते, कारण एका जातीचे सर्व सामान एका जागी येते.

ज्यांची हरकत असेल त्यांनी ती कृपया आज रात्रीपर्यंत कळवावी.

प्रेषक : सामान व प्रवास

ताई, आपल्या दुसऱ्या हेतूशी मी पूर्ण सहमत आहे, परंतु पहिल्या सूचनेला माझी हरकत आहे आणि ती वजनाची आहे.

क्यूबमुळे जागा वाचते, वजन वाचत नाही. आपण आणलेले क्यूब दुहेरी चेनचे आहेत. दुसरी चेन ओढली की कपड्यांमधली हवा निघून जाते आणि गठ्ठा चपटा होतो. त्यामुळे पूर्वी ज्या बॅगेत जेमतेम मावत असे त्याच बॅगेत आता आणखी दोन-तीन क्यूब सहज बसतात, आणि नेमकी तिथेच अडचण सुरू होते. विमानात चेक-इनला द्यायच्या प्रत्येक बॅगेची मर्यादा ५० पौंड आणि लांबी, रुंदी व उंची मिळून ६२ इंच आहे. पूर्वी बॅगेत जागा संपली की भरणे आपोआप थांबत असे, पण दाबून भरलेली बॅग अर्धी दिसत असतानाच वजनाची मर्यादा ओलांडते. लावणीच्या मुलींचे घुंगरू प्रत्येकीच्या क्यूबमध्ये गेले, तर ज्या बॅगेत त्या सगळ्यांचे क्यूब एकत्र येतील ती बॅग काउंटरवर उघडावी लागेल हे मी आजच सांगतो.

म्हणून माझी पद्धत अशी की घुंगरू, लेझीम, टाळ आणि कंबरपट्टे हे धातूचे सर्व सामान वेगळ्या लहान क्यूबमध्ये भरावे, प्रत्येक क्यूब हातातल्या काट्यावर वजन करून त्यावर पौंड लिहावेत, आणि मग जड क्यूब सर्व बॅगांत समान वाटून द्यावेत. कापड कापडाबरोबर आणि धातू धातूबरोबर असला तरच हा हिशेब जमतो. प्रवासाचे सामान गेली अनेक वर्षे या विभागाकडे आहे. त्यामुळे बॅगांची वाटणी वेशभूषा समितीने परस्पर ठरवू नये, एवढी नम्र विनंती.

प्रेषक : कोषाध्यक्ष

मी फक्त पैशांच्या बाजूने लिहितो. साउथवेस्ट या अमेरिकी विमान कंपनीने २८ मे २०२५ पासूनच्या आरक्षणांवर बहुतेक प्रवाशांसाठी दोन मोफत बॅगांची जुनी सोय बंद केली आहे. मंडळाच्या सहलींचे अंदाजपत्रक आपण वर्षानुवर्षे त्या दोन बॅगांच्या भरवशावर मांडत आलो. आता प्रत्येक बॅगेचे शुल्क द्यावे लागेल आणि ५० पौंडांवर गेलेल्या बॅगेचा भुर्दंड वेगळा. कार्यकारिणीने मंजूर केलेल्या रकमेत जादा वजनाची तरतूद नाही. ज्या बॅगेचे वजन वाढेल तिचे शुल्क ती भरणाऱ्या विभागाने सोसावे, असा ठराव मी बैठकीत मांडणार आहे.

क्यूब मंडळाच्या मालकीचे आहेत, हेही या निमित्ताने नोंदवतो. परत आल्यावर ते भांडारात जमा व्हायला हवेत.

प्रेषक : ज्येष्ठ नागरिक मंच

बाळांनो, तुमचा वाद वाचला. वजनाचे तुम्ही बघा, पण पैठण्यांविषयी कोणीच बोलले नाही, म्हणून मी लिहिते आहे.

मंगलाचरणाच्या वेळी नेसायच्या पैठण्या घरोघरच्या आहेत, काही तर सासूबाईंकडून आलेल्या आहेत. त्या या दाबून बसवणाऱ्या क्यूबमध्ये अजिबात घालू नयेत. जर म्हणजे धाग्यावर गुंडाळलेला धातूचा तंतू असतो. तो दाबाखाली दुमडला की घडीच्या रेषेवर मोडतो, आणि एकदा मोडलेली जर पुन्हा सरळ होत नाही. आपण कपाटातसुद्धा पैठणीची घडी अधूनमधून बदलून ठेवतो ती याच कारणाने. प्रवासासाठी पैठणी मलमलीच्या स्वच्छ कापडात गुंडाळावी, पदराची जर आतल्या बाजूला यावी, शक्य असल्यास घडीच्या जागी मऊ कापडाची सुरळी ठेवावी, आणि ती साध्या, एकाच चेनच्या क्यूबमध्ये सर्वांत वर सैल ठेवावी. प्लास्टिकच्या पिशवीत मुळीच नको. दमटपणा आत कोंडला की जर काळी पडते.

आमच्या मंचातल्या बायकांनी जुन्या सुती साड्यांच्या चेन लावलेल्या पिशव्या शिवून ठेवल्या आहेत. दुकानातल्या क्यूबांइतक्या त्या देखण्या नसतील, पण सुती कापडातून हवा खेळते आणि रेशमाला तेच मानवते. पैठण्यांसाठी त्या वापराव्यात. कोषाध्यक्षांना त्यांचा काहीही खर्च येणार नाही.

प्रेषक : लेझीम पथक (युवा)

आजी, पिशव्यांसाठी मनापासून धन्यवाद. आम्हाला दोन मिळाल्या तर फार उपयोग होईल. प्रयोगानंतर घामाने भिजलेले सदरे कोरड्या कपड्यांपासून वेगळे ठेवायला हवेत, आणि नायलॉनच्या क्यूबमध्ये ते रात्रभर राहिले की दुसऱ्या प्रयोगाला अंगावर घालवत नाहीत.

फेट्यांबद्दल एक सूचना आहे. बांधलेले तयार फेटे घेतले तर ते कोणत्याच क्यूबमध्ये मावत नाहीत आणि दाबले की त्यांचा आकार जातो. न बांधलेला फेटा म्हणजे साधारण आठ-नऊ मीटर सुती कापड. ते घट्ट गुंडाळले तर लहान क्यूबमध्ये तीन फेटे सहज बसतात. पथकात बांधता येणारे चार जण आहेत. तिथे गेल्यावर आम्ही सगळ्यांचे बांधून देऊ, फक्त प्रयोगाआधी तासभर वेळ मिळावा.

ध्वनियंत्रणेचे पॉवर बँक कोणीही चेक-इनच्या बॅगेतल्या क्यूबमध्ये टाकू नयेत. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिनमध्येच न्यावे लागतात. वायरी आणि चार्जर यांचा वेगळा लहान क्यूब मी माझ्या खांद्यावरच्या पिशवीत ठेवणार आहे.

प्रेषक : आहार समिती

केबिनचा विषय निघाला आहे तर आमचेही सांगते. गटाच्या वाटेतल्या खाण्यासाठी लाडू, चकल्या आणि थालीपिठाची भाजणी जाणार आहे. केबिनच्या बॅगेत १२ औंसांपेक्षा जास्त पीठ किंवा पूड असेल, तर सुरक्षा तपासणीत ती बाहेर काढून पाहिली जाऊ शकते. म्हणून भाजणी चेक-इनमध्ये जाईल. लाडू नेता येतात, पण भरगच्च डबा कपड्यांच्या खाली दडला असेल तर क्ष-किरणांच्या पडद्यावर नुसता एक गडद गोळा दिसतो आणि मग पूर्ण बॅग उघडावी लागते. खाद्यपदार्थांचा क्यूब वेगळा आणि वरच असावा. मेतकूट नेऊ की नको हे मला आजच कळवावे.

प्रेषक : ज्येष्ठ नागरिक मंच

मेतकूट न्यावे. सकाळी तिथे नाश्त्याला उशीर होतो आणि मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांना गुरगुट्या भाताचा आधार असतो. भात शिजवायची सोय मी पाहते.

प्रेषक : वेशभूषा समिती

सर्वांच्या पत्रांबद्दल आभारी आहे. मेतकुटाचे आहार समितीने स्वतंत्रपणे ठरवावे; मी मूळ प्रश्नाकडे येते.

सामान विभागाने वजनाचा जो मुद्दा मांडला तो मला मान्य आहे. घुंगरू, लेझीम आणि टाळ माणसागणिक भरू नयेत. परंतु "कापड कापडाबरोबर" हे मी मान्य करू शकत नाही, आणि त्याचे कारण सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते. एखादी बॅग मागे राहिली तर प्रयोग थांबतो की नाही, ही माझी एकमेव कसोटी आहे. सर्व चोळ्या एका बॅगेत असतील आणि ती बॅग आली नाही, तर सर्व मुली साडी असूनही उभ्या राहू शकत नाहीत. उलट, एका मुलीचा संपूर्ण पोशाख असलेली बॅग आली नाही तर एकच मुलगी थांबते, आणि रचनेत एक जागा भरून काढता येते. विमान कंपनी नंतर नुकसानभरपाई देईलही. अमेरिकेतल्या देशांतर्गत प्रवासात ती आपली जबाबदारी प्रत्येक प्रवाशामागे ४,७०० डॉलरपर्यंत मर्यादित ठेवू शकते. पण पडदा उघडायच्या वेळी त्या पैशांतून चोळी शिवून मिळत नाही. दागिने आणि मौल्यवान वस्तू तर बहुतेक कंपन्या या भरपाईतून वगळतात. त्यामुळे खऱ्या सोन्याचे काहीही चेक-इनमध्ये जाणार नाही. ते अंगावर किंवा हातातल्या पर्समध्येच राहील.

म्हणून माझा सुधारित प्रस्ताव असा. प्रत्येक कलाकाराच्या पहिल्या प्रवेशाचा पोशाख एका मध्यम क्यूबमध्ये त्याच्या केबिन बॅगेत जाईल. तेवढी जागा प्रत्येकाने राखून ठेवावी आणि स्वतःचे इतर कपडे कमी करावेत. उरलेले पोशाखही माणसागणिकच भरले जातील, पण एका गटाचे क्यूब निदान तीन बॅगांत विभागले जातील. दोन चोळ्या, एक नऊवारी आणि एक फेटा यांचा राखीव क्यूब मी स्वतः बाळगेन. जड क्यूब कोणत्या बॅगेत जायचे हे सामान विभागानेच ठरवावे. त्यात मी लक्ष घालणार नाही.

प्रेषक : सामान व प्रवास

पहिल्या प्रवेशाचा पोशाख केबिनमध्ये नेण्याची सूचना योग्य आहे आणि ती मला मनापासून पटली. एका गटाचे क्यूब तीन बॅगांत विभागण्यालाही माझी हरकत नाही. मात्र कोणता क्यूब कोणत्या बॅगेत गेला याची यादी तयार करून माझ्याकडे द्यावी, आणि ती दिल्याशिवाय कोणतीही बॅग बंद होऊ नये. बॅग मागे राहिली तर तक्रार नोंदवताना आत काय होते हे लागलीच सांगावे लागते, आणि त्या क्षणी आठवणीवर विसंबून चालत नाही.

कुलुपे सुरक्षा अधिकाऱ्यांना त्यांच्या किल्लीने उघडता येतील अशीच लावावीत. तपासणीसाठी बॅग उघडली तर ते आत छापील सूचना ठेवतात. सामान क्यूबमध्ये असले की ते पूर्ण क्यूब बाहेर काढून परत ठेवू शकतात, कपड्यांच्या घड्या विस्कटत नाहीत. क्यूबचा हा फायदा मला जागेपेक्षा मोठा वाटतो. चिठ्ठी जाळीच्या आतल्या बाजूलाच असावी. बाहेर चिकटवलेली वाटेत गळून पडते.

प्रेषक : कोषाध्यक्ष

यादीची एक प्रत मलाही हवी. क्यूब जमा करून घेताना उपयोगी पडेल.

प्रेषक : नाट्यविभाग

शनिवारी आम्ही दहा वाजता येतो. एक गोष्ट राहून गेली : दांडपट्टा आणि लाकडी तलवारी कोणत्याही क्यूबमध्ये मावत नाहीत. त्या कुठे जाणार?

प्रेषक : सामान व प्रवास

तलवारी खऱ्या असोत वा नाटकातल्या, केबिनमध्ये नेता येत नाहीत. त्या चेक-इनमध्येच जातील, आणि दांडपट्ट्याच्या पात्याला जाड कापड गुंडाळून ते बांधावे लागेल. ४८ इंच लांब, ८ इंच रुंद आणि ६ इंच उंच पेटी केली तर बेरीज बरोबर ६२ इंच होते. लाकूड माझ्या गॅरेजमध्ये आहे. नाट्यविभागाने दांडपट्ट्याची मुठीसह लांबी मोजून आज कळवावी. ती ४७ इंचांच्या आत असेल तर पेटी शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तयार होईल.