दर सोमवारी चालवतो, तरी ऐन वेळी सेटने दगा दिला

नवाशिफ्टवाला:
छोट्या गावाच्या राखीव वीजघरात नुकताच लागलोय. डिझेलवरचे दोन जनरेटर सेट, १५०० आरपीएमचे. वर्षातून जेमतेम चार-पाचदा लागतात. दर सोमवारी दहा मिनिटं विनालोड, म्हणजे कुणालाही वीज न देता, चालवून लॉगबुकात 'ओके' लिहितो. परवा लाइन गेली. सेट लगेच उठला, पण निम्मा लोड घेईपर्यंत काळा धूर, आचके, फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झवरून ४७ आणि ब्रेकर पडला! एक्झॉस्टच्या जोडातून काळं, चिकट काहीतरी गळतंय. पिस्टनच्या रिंगा गेल्या का?

स्पॅनर१७:
फिल्टर शेवटचा कधी बदललाय? इंजेक्टरही (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतात ते) काढून तपासून घ्या.

रात्रपाळी:
रिंगांसाठी इंजिन उघडायची घाई करू नका. ते काळं बोटावर घेऊन वास घ्या. डिझेलचा येईल. लोड नसला की सिलिंडर पुरेसा तापत नाही आणि डिझेल अर्धवट जळतं. उरलेलं काजळीत कालवून एक्झॉस्टला लागतं, इंजेक्टरच्या तोंडावरही तेच बसतं. म्हणजे तुम्ही दर सोमवारी इंजिनात थोडी थोडी घाण भरत होतात. (आम्हीही भरली आहे, दोन वर्षं. साहेबांना धूर दिसू नये म्हणून लोड द्यायचो नाही.) महिन्यातून एकदाच चालवा, पण निदान अर्धा तास आणि ३० टक्क्यांच्या वर लोड देऊन. तेवढा लोड मिळत नसेल तर लोड बँक (सेटवर खोटा लोड टाकायचं यंत्र) आणा.

स्पॅनर१७ यांचंही बरोबर आहे. डे टँकच्या (सेटजवळची डिझेलची छोटी टाकी) तळाचा कॉक सोडून काचेच्या बरणीत डिझेल घ्या आणि तासभर ठेवा.

नवाशिफ्टवाला:
ठेवलं. तळाला दोन बोटं पाणी, वर डिझेल, मध्ये तपकिरी बुळबुळीत साय. फिल्टर कापून पाहिला, आतही तीच.

रात्रपाळी:
साय म्हणजे जंतू. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथेच वाढतात. टँक रिकामा करून पुसून घ्या, नुसता फिल्टर बदलून भागणार नाही. पाणी दर आठवड्याला काढायचं.

मग इंजेक्टर बघून सेट लोडवर घ्या, पण एकदम नको. ३० टक्के, थोडं थांबून ५०, मग ७५. एक्झॉस्टमधलं साचलेलं पेटू शकतं, एक माणूस अग्निशामक घेऊन बाहेर उभा करा. सुरुवातीला धूर वाढेल, घाबरून लोड काढू नका. गळणं थांबलं की कळवा.

नवाशिफ्टवाला:
रविवारी करतो. सोमवारचं 'ओके' काय करू?

रात्रपाळी:
त्याच्या जागी लोड किती, तेलाचं प्रेशर किती, इंजिनचं पाणी किती तापलं ते लिहा.