प्रतिसाद: श्रेय फ्रेमचे की टायरचे?

ट्रेक कंपनीची डोमेन एसएलआर ही सायकल खराब रस्त्यावर चालवूनही हात बधिर झाले नाहीत, असे आपण आपल्या लेखात म्हटले आहे आणि याचे सारे श्रेय कार्बन फ्रेमला दिले आहे. ते मला अर्धेच पटते. तिच्यातला मागचा आयसोस्पीड हा हादरे कमी करणारा सांधा सीटखालच्या नळीला वरच्या नळीपासून मोकळे ठेवून किंचित लवू देतो, त्यामुळे कंबरेला आराम मिळतो हे खरे. परंतु २०२२ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत पुढचा, हँडलकडचा आयसोस्पीड कंपनीने काढूनच टाकला; म्हणून आपण तीच चालवली असेल, तर हातांना मिळालेला दिलासा प्रामुख्याने ३२ मिमी रुंदीच्या टायरांचा आणि त्यांतील कमी हवेचा असणार. (स्पेशलाइज्ड कंपनीच्या रूबे या सायकलीमध्ये हँडलखाली २० मिमी दबणारी स्प्रिंग असते, तिची गोष्ट वेगळी.) म्हणून दुकानातून चाचणीची फेरी मारण्यापूर्वी टायरांत दुकानदाराने किती हवा भरली आहे ते मोजावे, आपल्या वजनाप्रमाणे ती कमी-जास्त करून घ्यावी आणि तोच खडबडीत पट्टा पुन्हा चालवून पाहावा. सीटची उंचीही आपल्या नेहमीच्या सायकलीइतकीच लावून घ्यावी. केवळ गुळगुळीत रस्त्यावर छोटी फेरी मारू देणाऱ्या दुकानातून एवढी महागडी सायकल मी तरी घेणार नाही.