जांभ्याच्या भिंती, ओटीवरचा राउटर आणि अमेरिकेहून आलेला रेंज एक्स्टेंडर

पडवीवाले:

नमस्कार. आमचे घर संगमेश्वर तालुक्यातील एका गावी आहे. घर जुने, जांभ्या दगडाचे, दीड फूट जाडीच्या भिंतींचे असून ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि मागची पडवी अशी एकामागे एक रचना आहे. गावातल्या केबलवाल्याकडून १०० एमबीपीएसचे फायबर कनेक्शन घेतले आहे आणि त्याने राउटर ओटीवरच बसवला आहे. पडवी बंदिस्त करून तिथे सूनबाईंनी ऑफिसच्या कामाची जागा केली आहे. परंतु तिथे मोबाइलवर वायफायची जेमतेम एक काडी दिसते आणि मीटिंग चालू असताना आवाज तुटत राहतो.

माझे मेहुणे न्यू जर्सीला असतात. गणपतीला येताना त्यांनी तिथूनच एक रेंज एक्स्टेंडर (राउटरचे वायफाय पकडून पुढे पाठवणारे उपकरण) आणला. तो २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही बँडवर (वायफायच्या लहरींच्या पट्ट्यांवर) चालतो. पडवीतल्या बोर्डाला लावून जोडणी करायला घेतली, तेव्हा असे आढळले की एक्स्टेंडरच्या यादीत शेजाऱ्यांच्या वायफायचे नाव येते, पण आमचे कधी येते आणि कधी येतच नाही. त्याच वेळी घरातल्या सगळ्या मोबाइलना मात्र ते दिसत असते. डब्ल्यूपीएसचे, म्हणजे पासवर्ड न घालता जोडणी करण्याचे बटण दोन्हीकडे दाबून पाहिले. दिवा थोडा वेळ लुकलुकतो आणि विझतो. मध्यंतरी एकदा जोडणी झाली, तेव्हा पडवीत सगळ्या काड्या भरलेल्या दिसत होत्या, तरीही मीटिंग पूर्वीसारखीच अडखळत होती. त्या रात्री लाइट जाऊन आली आणि जोडणी जी तुटली, ती पुन्हा झालीच नाही. उपकरण सदोष आहे की मांडणीत काही बदल करावा लागेल, हे जाणकारांनी सांगावे. एक्स्टेंडरला राउटरचेच नाव द्यावे की वेगळे, हेही विचारायचे आहे.

सह्यकडा:

उपकरण सदोष असेल असे वाटत नाही. ते अमेरिकेतून आले आहे, यातच पहिल्या अडचणीचे उत्तर असावे. २.४ गिगाहर्ट्झच्या बँडमध्ये आपल्याकडे १ ते १३ हे चॅनेल, म्हणजे बँडचे क्रमांक दिलेले भाग, वापरता येतात. अमेरिकी बाजारासाठी तयार झालेली उपकरणे मात्र सहसा १ ते ११ एवढ्यांवरच चालतात. राउटरमध्ये चॅनेलची निवड ‘ऑटो’वर ठेवलेली असेल, तर चालू होताना तो आजूबाजूची गर्दी पाहून चॅनेल ठरवतो, आणि त्याने १२ किंवा १३ निवडला की तुमच्या एक्स्टेंडरच्या लेखी ते वायफाय नसतेच. येथे घेतलेल्या मोबाइलना ते सगळे चॅनेल उघडे असतात, म्हणून त्यांना नाव दिसते. लाइट जाऊन आल्यावर जोडणी तुटली, ही खूण याच निदानाकडे बोट दाखवते, कारण त्या वेळी राउटर नव्याने चालू होऊन त्याने चॅनेल बदलला असणार.

खात्री करून घेणे सोपे आहे. अँड्रॉइड मोबाइलवर वायफाय ॲनालायझर प्रकारातले एखादे ॲप टाका. त्यात प्रत्येक वायफायसमोर त्याचा चॅनेल दिसतो. तिथे १२ किंवा १३ दिसला, तर राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘ऑटो’ काढा आणि २.४ साठी १, ६ किंवा ११ यांपैकी शेजाऱ्यांची गर्दी जिथे सर्वांत कमी असेल तो चॅनेल कायम करा. हे तीनच सांगण्याचे कारण असे की २० मेगाहर्ट्झ रुंदीवर ते एकमेकांवर चढत नाहीत. रुंदीही २० वरच ठेवा. राउटरच्या सेटिंगचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो आणि तो पासवर्डसह राउटरच्या बुडाशी चिकटवलेल्या लेबलवर छापलेला असतो. केबलवाल्याने पासवर्ड बदलला असेल तर त्याच्याकडूनच घ्यावा लागेल. राउटर रीसेट करण्याच्या फंदात मात्र पडू नका, कारण त्यात कनेक्शनची माहितीही पुसली जाऊ शकते.

राउटरची सुरक्षा केवळ डब्ल्यूपीए३ वर (वायफायच्या पासवर्ड-सुरक्षेच्या नव्या पद्धतीवर; डब्ल्यूपीए२ ही आधीची) असेल, तर डब्ल्यूपीएसचे बटण कितीही दाबले तरी उपयोग नाही, कारण डब्ल्यूपीए३ मध्ये ती सोयच नाही. डब्ल्यूपीए२ किंवा दोन्हींचा मिश्र पर्याय ठेवा आणि बटणाऐवजी एक्स्टेंडरच्या स्वतःच्या सेटिंग पानावरून पासवर्ड घालून जोडणी करा. पहिली जोडणी राउटरजवळ, ओटीवरच करावी. एकदा नाव आणि पासवर्ड त्यात बसले की एक्स्टेंडर कुठेही हलवता येतो.

चिरेखाण:

वरील निदान मला पटते. पण चॅनेल सुधारला तरी एक्स्टेंडर पडवीतच ठेवलात, तर मीटिंग अडखळणे थांबणार नाही. पडवीत दिसणाऱ्या भरलेल्या काड्या फक्त मोबाइल आणि एक्स्टेंडर यांच्यामधल्या अंतराच्या आहेत. एक्स्टेंडरला स्वतःला राउटरकडून काय मिळते आहे, ते त्या काड्यांत दिसत नाही. जिथे मोबाइललाच एक काडी मिळते तिथे एक्स्टेंडरलाही तेवढेच मिळणार, आणि तो मिळालेलेच पुढे पाठवतो.

एक्स्टेंडरची जागा तिथे असावी जिथे राउटरचा सिग्नल अजून धड आहे. त्याच ॲपमध्ये सिग्नलची ताकद उणे आकड्यात, डीबीएममध्ये दिसते: उणे ६५ च्या आसपास असेल तर जागा चांगली, उणे ७५ असेल तर ती सोडून द्या. आकडा उणे ८० कडे गेला म्हणजे सिग्नल क्षीण होत चालला, हे लक्षात ठेवा. तुमच्या घरात ओटी ते माजघर आणि माजघर ते स्वयंपाकघर ही दारे एका रेषेत असतील, तर त्या रेषेतच, माजघराच्या मागच्या दाराजवळ, छातीएवढ्या उंचीवर जागा शोधा. चिऱ्याच्या भिंतीपेक्षा उघड्या दारातून सिग्नल कितीतरी सुखाने जातो. पावसाळ्यात भिंतींना ओल चढली की तो आणखी शोषला जातो, तेव्हा आता मोजलेल्या आकड्यात थोडी सूट धरूनच जागा ठरवा. माजघरातले लोखंडी कपाट आणि स्वयंपाकघरातला फ्रिज मधे येणार नाहीत, हेही पाहावे.

एका मर्यादेची कल्पना असू द्या. एकाच बँडवर राउटरकडून घेणे आणि पुढे देणे ही दोन्ही कामे एक्स्टेंडरला आळीपाळीने करावी लागतात, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. माजघरापर्यंत ५ गिगाहर्ट्झ नीट पोहोचत असेल, तर राउटरकडून ५ वर घ्यावे आणि पडवीला २.४ वर द्यावे. मग एवढी घट होत नाही. मीटिंगला फार वेग लागत नाही, दोनचार एमबीपीएस अखंड मिळाले तरी पुरतात. त्रास होतो तो सिग्नल मधेच गचके खाण्याचा.

तारयंत्र:

ही सगळी तडजोड झाली. रोजचे ऑफिसचे काम ज्यावर अवलंबून आहे, तिथे राउटरपासून पडवीपर्यंत लॅन केबल टाकावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमच्या एक्स्टेंडरला लॅनचे पोर्ट असेल आणि सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड (केबलमधून आलेले इंटरनेट वायफायने देण्याची सोय) असेल, तर हेच उपकरण केबलच्या टोकाला पडवीत लावता येईल आणि हवेतून सिग्नल पकडण्याचा प्रश्नच संपेल. कॅट ६ केबल १०० मीटरपर्यंत चालते. तुमच्या घराला त्याची एक चतुर्थांशही लागणार नाही. स्वस्त एक्स्टेंडरचे पोर्ट बहुधा १०० एमबीपीएसचेच असते, पण तुमचा प्लॅनही तेवढाच असल्याने बिघडत नाही. या मोडमध्ये एक्स्टेंडरचे डीएचसीपी, म्हणजे घरातल्या उपकरणांना आयपी पत्ते (नेटवर्कवरचे क्रमांक) देण्याची सोय, बंद आहे ना, हे एकदा पाहून घ्या; आयपी पत्ते वाटण्याचे काम राउटरनेच करावे, दोघांनी केले तर गोंधळ होतो.

केबल माळ्यावरून, घराच्या आतूनच न्यावी. कौलांवरून किंवा अंगणातून तांब्याची केबल नेऊ नका. आपल्याकडे वळवाच्या पावसात विजा कशा कोसळतात हे तुम्हाला सांगायला नको.

पडवीवाले:

सर्वांचे मनापासून आभार. केबलवाल्याने फोनवर पासवर्ड दिला. ॲपमध्ये आमचा चॅनेल १३ होता आणि शेजाऱ्यांचा १. आमचा ६ वर कायम केल्यावर ओटीवर एक्स्टेंडरने नाव लगेच पकडले. माजघराच्या मागच्या दाराशी सिग्नल उणे ६३ मिळतो, तिथे तो लावला आहे. कालची मीटिंग सूनबाईंनी पडवीतून विनाव्यत्यय पूर्ण केली. माळ्यावरची केबल दिवाळीनंतर वायरमनला सवड झाली की टाकून घेऊ. एक शंका राहिली. प्लगच्या पिना चपट्या असल्याने कन्व्हर्टर लावला आहे आणि तो बोर्डात ढिला बसतो.

सह्यकडा:

एक्स्टेंडरवर १००–२४० व्होल्ट असे छापलेले आहे ना, ते आधी पाहा. नसेल तर आजच काढून ठेवा. ढिला कन्व्हर्टर तापतो आणि एक्स्टेंडर मधूनच बंद होऊन चालू होतो. प्लगवरच लोंबणारे उपकरण आणखी सैल होत जाते, म्हणून चांगल्या प्रतीचा, पिना घट्ट धरणारा एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन त्यात आडवे ठेवा. राउटर आणि एक्स्टेंडर दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. एकच घेतल्यास लाइट गेली की पडवीत मीटिंग तुटणारच. नाव सध्या वेगळे ठेवा, म्हणजे लॅपटॉप नेमका कोणाला जोडला आहे ते कळेल. सारखे नाव दिले, तर लॅपटॉप बरेचदा ओटीवरच्या राउटरलाच चिकटून बसतो आणि काडी एक उरली तरी सोडत नाही.