डबल ड्रॅगन २ : पार्टनरला आपला मार लागायला हवा की नको?

बिमी

दिवाळीत दादाकडे गेलो होतो. त्याने पोरांसाठी म्हणून (पोरांसाठी कसलं, स्वतःसाठीच) तो टीव्हीला लावायचा जुन्या छापाचा व्हिडिओ गेम आणलाय, एका कॅसेटमध्ये शेकडो गेम, त्यातले निम्मे तेच तेच नाव बदलून. त्यात डबल ड्रॅगन २ दिसला आणि आम्ही दोघं चाळिशीतले बाप्ये फराळाची ताटली बाजूला सारून जमिनीवर मांडी घालून बसलो. पण सुरू व्हायच्या आधीच भांडण. कारण तो मेनू.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बिली आणि जिमी हे दोन भाऊ मिळून गुंडांना बदडत पुढे जातात असा हा गेम. दोघांनी खेळायचं तर दोन पर्याय येतात. ए मोड म्हणजे तुझा मार फक्त गुंडांना लागणार, भावाच्या अंगातून हात आरपार. बी मोड म्हणजे समोर येईल त्याला लागणार, भाऊ असो का गुंड. दादा म्हणे ए, मी म्हणे बी.

माझं मत: बी हाच खरा दोघांचा गेम. ए मध्ये दोन माणसं एका टीव्हीवर आपापलं खेळत असतात, बस. कंट्रोलच बघा ना, यात एक बटण डावीकडे मारतं आणि एक उजवीकडे, तोंड असेल त्या बाजूला ठोसा आणि पाठीमागे लाथ. म्हणजे पाठीमागे कोणीतरी असणार हे गेमने धरूनच ठेवलंय. ए मध्ये मागे कोण आहे याची फिकीर नाही, दाबत सुटा. बी मध्ये लाथ घालायच्या आधी बघावं लागतं की मागे दादा तर नाही ना, मग आपोआप जागा वाटून घेतल्या जातात, तू वरची बाजू धर मी खालची. आणि ती उडी मारून वर पोचल्यावर पुन्हा दोन्ही बटणं दाबली की गिरकी घेऊन लाथ बसते ना, तिला आम्ही लहानपणी 'पंखा' म्हणायचो. बी मध्ये पंखा न सांगता लावणं म्हणजे गुन्हा. "पंखा आला, सरक!" असं ओरडायचं आणि मगच लावायचा.

तिसरी स्टेज, हेलिकॉप्टर. आत मारामारी चालू असताना मध्येच दार उघडतं आणि वारा सगळ्यांना बाहेर ओढतो, उलट्या बाजूला चालत राहिलं नाही तर थेट खाली. यावेळी दादा दाराच्या बाजूला एका गुंडाशी झटत होता, मी त्याला सोडवायला गेलो, गुंड नेमका बाजूला झाला आणि माझी लाथ चुकून दादाला. तेवढ्यात दार उघडलं. दादा इतका ओरडला की वहिनी स्वयंपाकघरातून बघायला आली. ए मध्ये हे झालंच नसतं. मग खेळायचं तरी कशाला?

(आयडीबद्दल कोणी विचारायच्या आधी: डबल ड्रॅगन ३ च्या अमेरिकन कॅसेटमध्ये दोघांचा गेम सुरू केला की बिली आणि जिमीच्या ऐवजी 'बिमी आणि जिमी' असं येतं. छापणाऱ्याला कोणी सांगितलंच नाही बहुतेक.)

निवांत

असहमत, आणि चांगलाच असहमत. किस्सा झकास आहे, पण किस्सा झकास म्हणजे गेमचा नियम झकास असं होत नाही, रस्त्यात केळ्याच्या सालीवरून पडलेल्याचाही किस्सा झकासच असतो.

हा गेम मुळात कठीण किती आहे ते विसरलात का? अमेरिकन कॅसेटवर प्रॅक्टिस लेव्हल घेतली तर तीन स्टेजमध्ये घरी पाठवतात. वॉरियर घेतली तर आठ. नववी स्टेज आणि खरा शेवट फक्त सुप्रीम मास्टरवाल्याला. आणि मध्ये ती सहावी स्टेज, गायब होणारे ठोकळे आणि फिरणारी चाकं, जिथे मारामारी बाजूलाच राहते आणि नुसत्या उड्या चुकून लाइफा जातात. तिथवर पोचेपर्यंत एकमेकांच्या लाथांनी निम्म्या लाइफा संपल्या असतील तर पुढचं बघणार कधी? शाळेत असताना आम्ही बी वर चौथ्या स्टेजच्या पुढे गेलोच नाही. ए वर गेलो. शेवट बघितला तो ए मुळे.

दुसरं म्हणजे त्या मशीनची ताकद. तो आठ बिटवाला डबा एका आडव्या रेषेत आठच तुकडे काढू शकतो, एक माणूसच असल्या दोन-तीन तुकड्यांना जोडून बनतो, त्यामुळे दोन भाऊ आणि दोन गुंड एका ओळीत आले की सगळे लुकलुकायला लागतात. आपला कोण परका कोण दिसेना झालंय आणि वर म्हणायचं की लक्ष देऊन मार? हा कसला धडा.

आणि आता माझी पार्टनर नऊ वर्षांची आहे. तिला बी मोडवर बसवलं असतं तर दुसऱ्या दिवशी ती गेमजवळ फिरकली नसती.

मुस्तफाचा_चेला

दोघेही घरकोंबडे दिसताय, व्हिडिओ गेम पार्लरची हवा लागलेली नाही. हे ए-बी वगैरे सगळं घरच्या डब्याचं. मूळ डबल ड्रॅगन १९८७ चा, टेक्नोस जपान कंपनीचा, आर्केडचा म्हणजे पार्लरमधल्या नाणं टाकायच्या मशीनचा. त्यात पर्यायबिर्याय काही नाही, पार्टनरला मार लागतो म्हणजे लागतो. आणि दोघं शेवटपर्यंत पोचले की मशीनगनवाला विली मेल्यावर गेम संपत नाही, जिला सोडवायला निघालेले ती मॅरियन कोणाची यावरून दोघे भाऊ एकमेकांवर सुटतात! अख्खा गेम खांद्याला खांदा लावून मारामारी केली आणि शेवटी हे. तेव्हा भावाला मार लागणं हा त्या गेमचा गाभाच आहे, बिमी भाऊ बरोबर बोलतायत.

उलट घरच्या डब्यावर पहिला भाग आला, १९८८, तेव्हा दोघांनी एकत्र खेळायची सोयच काढून टाकलेली. आळीपाळीने खेळा म्हणे. एक मरेपर्यंत दुसरा बसून बघणार. आणि जिमी शेवटचा व्हिलन करून टाकला. नाव डबल आणि खेळणारा सिंगल. दुसऱ्या भागात, १९८९ च्या शेवटी, दोघं एकत्र आले हेच उपकार.

बाकी दोघांनी खेळायचा गेम म्हणजे मुस्तफाच. कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स हे त्याचं खरं नाव आमच्या पार्लरमध्ये मालकालाही माहीत नव्हतं. तो घरच्या कुठल्याच मशीनवर आला नाही म्हणून इथे विषय नाही, पण नोंद असू द्या.

निवांत

मुस्तफाभाई, तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध केलात. पार्लरमध्ये मार का लागायचा? कारण पार्टनरने मारलं की लाइफ जाणार, लाइफ गेली की अजून एक रुपया गल्ल्यात. शेवटी दोघांना लढवलं तरी कोणीतरी नाणं टाकणारच. धंदा आहे तो, कला नाही. घरी गल्लाच नाही, मग गल्ल्यासाठी केलेला नियम घरी का पाळायचा? टेक्नोसवाल्यांना हे कळलं म्हणूनच त्यांनी ए दिला, तोही यादीत बी च्या वर.

कोल्हापुरी_रस्सा

काय राव ए आणि बी करत बसलाय, खरा प्रश्न कोंबडीचा आहे.

आमच्याकडे हा डबा नव्हता, मावसभावाकडे सेगाचा मेगा ड्राइव्ह होता, मामांनी दुबईवरून आणलेला. इकडे तो शॉ वॉलेसने १९९५ ला आणला होता पण आमच्यासारख्यांनी तो दुकानाच्या काचेतूनच बघायचा. त्यात स्ट्रीट्स ऑफ रेज २, १९९२ चा. पार्टनरला मार लागतो, त्याचं काय नाही एवढं. पण रस्त्यातले डबे फोडले की सफरचंद नाहीतर भाजलेली कोंबडी निघायची. सफरचंदाने ताकद थोडी भरते, कोंबडीने फुल्ल. आणि समोर मोठा बॉस असताना एकच कोंबडी पडलेली असायची. मॅक्स नावाचा गडी घेतलेला माझा मावसभाऊ, अर्ध्याहून जास्त ताकद शिल्लक, तरी जाऊन कोंबडी उचलणार. मी ब्लेझ घेऊन मरायला टेकलेलो. लगा, माणूस कळतो तो कोंबडीला कळतो, लाथेला नाही. लाथ चुकून लागते. कोंबडी चुकून कोण खात नाही.

आणि पहिल्या भागात तर शेवटी मिस्टर एक्स, गुंडांचा म्होरक्या, विचारतो, माझा माणूस होतोस का. दोघांना वेगवेगळं उत्तर देता येतं! एकाने हो म्हटलं आणि दुसऱ्याने नाही, की दोघांची जुंपते. मी 'नाही' म्हटलं. मावसभावाने काय म्हटलं असेल ते ओळखा. म्युझिक मात्र नाद खुळा, अजून गाडीत लावतो.

एक_फुंकर

बॅटलटोड्स खेळलेलं कोणी नाही का इथे? १९९१, तीन बेडूक. बी मोडचा जो गुणगौरव चाललाय तो तिथे बंद पडतो. मार तर लागतोच, वर तिसऱ्या स्टेजला, त्या उडत्या गाड्यांच्या बोगद्यात, एकजण भिंतीला धडकला की दोघेही मागच्या टप्प्यावर परत. म्हणजे मी पाठ करून आलोय कुठे उडी कुठे वळण, आणि माझा चुलतभाऊ पहिल्याच भिंतीवर टाळकं फोडतो, पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा टाळकं. त्या एका बोगद्यापायी आम्ही दोन महिने बोलत नव्हतो. आणि कहर म्हणजे अकराव्या स्टेजला अमेरिकन कॅसेटमध्ये चूक आहे, दोन नंबरचा बेडूक हलतच नाही. नुसता उभा. आम्ही तिथवर गेलोच नाही म्हणून वाचलो, नाहीतर चुलतभावाने मला जबाबदार धरलं असतं.

बिमी

एक_फुंकर, ते वेगळं. तिथे दुसऱ्याच्या चुकीची शिक्षा मला होते, मी काहीही केलं तरी. बी मोडमध्ये माझ्या लाथेचा हिशोब माझ्याकडे असतो. हा फरक मला मोठा वाटतो.

निवांत, गल्ल्याचा मुद्दा मान्य करावा लागेल, मी तसा विचार केला नव्हता. पण एक सांगा, मार बंद केला म्हणजे पार्टनरला मारता येणं बंद होतं का? कॉन्ट्रा आठवा, तो तर आपल्याकडे ज्याच्या घरी डबा त्याच्या घरी. गोळी पार्टनरला लागत नाही, एकदम ए मोड. आणि तिसऱ्या स्टेजचा धबधबा? एकजण भराभर वर चढला की स्क्रीन वर सरकते आणि खाली राहिलेला मरतो. गोळी न मारता खून. तीस लाइफचा कोड लावलेला असायचा, वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए, तरी धबधब्यात दहा जायच्या, सगळ्या खालच्याच्या. तिथे तर कोणी मान्यही करायचं नाही, "मी काय केलं, तूच हळू चढतोस". बी मोडमध्ये निदान मारलं ते मारलं, दिसतं.

धाकटी_पाती

इतका वेळ वाचत होते, आता राहवत नाही.

बिमी, तुमच्या पोस्टमध्ये 'दादा म्हणे ए, मी म्हणे बी' आहे. शेवटी खेळलात काय? बी. म्हणजे एक नंबरचा रिमोट कोणाच्या हातात होता ते कळलं.

तुम्ही कोणीच बोलत नाही आहात ते सांगते. जपानचा मूळ डबा होता ना फॅमिकॉम, १९८३ चा, त्याच्या दोन नंबरच्या रिमोटला स्टार्ट आणि सिलेक्ट बटणंच नव्हती. त्याजागी एक बारका माइक दिलेला. आमच्या घरच्या डब्यावर माइकही नव्हता, दोन बटणांची जागा नुसती गुळगुळीत. मी सहा वर्षं दोन नंबरचा रिमोट धरला. मोड कुठला, भाऊ ठरवणार. पॉज, भाऊ करणार. आईने हाक मारली, मी उठून गेले तर गेम चालूच, परत येईपर्यंत माझा जिमी आडवा. आणि भावाला बी आवडायचं, का ते वेगळं सांगायला नको. स्टेज सुरू झाली की आधी मला दोन ठोसे, 'चेक करतोय' म्हणून. मी उलटून मारलं की "आई, ही नीट खेळत नाही".

तुम्ही म्हणता बी मध्ये माणूस बघून लाथ मारायला शिकतो. मी बघून मारायला नाही, बघून लांब राहायला शिकले. स्क्रीनच्या कडेला उभं राहायचं, तो पुढे गेला की उरलेला गुंड मारायचा. मला पंखा येतच नाही अजून, कारण लावायला दिलाच नाही कधी.

तेव्हा ए का बी यापेक्षा मोड निवडणारं बटण कोणाकडे आहे ते आधी बघा. बी मला चालेल, दोन्ही रिमोटला सिलेक्ट असेल तर.

मुस्तफाचा_चेला

धाकटीताई __/\__

पार्लरमध्ये हे नव्हतं एवढंच म्हणतो, दोन्हीकडे सारखीच बटणं, ज्याचं नाणं त्याचा स्टार्ट. पण तिथे मुलीच येत नव्हत्या, म्हणजे ते बोलून उपयोग नाही.

निवांत

काल पोरीला धाकटीताईंची पोस्ट वाचून दाखवली आणि एक नंबरचा रिमोट तिच्या हातात दिला. तिने बी निवडला. पहिल्या मिनिटात मला तीनदा आडवा केला आणि हसून हसून बेजार. मी तिच्यासाठी ए लावतोय असं मला दोन वर्षं वाटत होतं. माझं मत तरीही ए च, सुप्रीम मास्टर बी वर होऊन दाखवा मग बोलू.

कोल्हापुरी_रस्सा

@निवांत पोरीला स्ट्रीट्स ऑफ रेजला बसवा आणि कोंबडी कोणाला देते बघा.

बिमी

धाकटी_पाती, हो, एक नंबरचा माझ्याकडे होता. लहानपणीसुद्धा माझ्याकडेच असायचा, मी धाकटा, रडून मिळवायचो, दादा सोडून द्यायचा. तुमच्या घरी उलट होतं एवढंच, पण मुद्दा पोचला.

हा सगळा धागा आज दादाला पाठवला. तासाभराने एकच ओळ आली: "चुकून नव्हती ती लाथ."

अजून उत्तर दिलेलं नाही.