मदत हवी आहे: दशावतारातल्या नटाकडून कॅमेऱ्यासमोर कमी अभिनय कसा करून घ्यायचा?

मंडळी, आम्ही वेंगुर्ल्यात एक छोटी फिल्म करतोय, बजेट नावालाच, आणि लीडला आहेत ते दशावतारात राजाची कामं करणारे एक दादा. नट कसलेले, पण सवय देवळासमोर रात्रभर शेवटच्या माणसापर्यंत पोचायची, त्यामुळे क्लोजपला भुवया, मान, हात सगळंच एकदम सुरू होतं. मला हवंय ते 'द डिसायपल'मधल्या आदित्य मोडकसारखं. चैतन्य ताम्हाणेचा २०२० चा पिक्चर, बघितला नसेल तर बघाच. मोडक मूळचा गायक, आणि रात्री बाईकवर माईंचं (पिक्चरमधली जुनी थोर गायिका) रेकॉर्डिंग ऐकत जातो तिथे चेहऱ्यावर जवळजवळ काहीच नाही, तरी आत काय चाललंय ते कळतं. आमच्या दादांना "जरा कमी करा" म्हटलं की ते एकदम मख्ख होतात, ते तर त्याहून वाईट (आणि वयाने मोठे, सारखं सांगायलाही बरं वाटत नाही).

कोणी रंगभूमीवरच्या नटांसोबत असं काम केलंय का? हाताला काहीतरी काम द्यावं का, जाळं विणणं वगैरे, की सरळ डायलॉगच कापू? कॅमेरा लांब ठेवून मोठे टेक घेतले तर फरक पडतो का? पावसाआधी शूटिंग संपवायचंय, तेव्हा जरा लवकर सांगा.