मदत हवी आहे: 'झुडपी जंगल'वरचा लेख लॉ जर्नलला पाठवायचाय (नागपूर)

वारंगा_रोड

नमस्कार मंडळी. पीएचडीच्या प्रबंधातलं एक प्रकरण इंग्रजी लेख म्हणून पाठवायचं आहे. विषय: पूर्व विदर्भातल्या झुडपी जंगल जमिनींची (महसुली नोंदींत या नावाने लिहिलेल्या, झुडपांच्या जमिनी) कायदेशीर स्थिती. सध्या १४,२०० शब्द, २१२ तळटीपा, ऑस्कोला पद्धत (कायद्याच्या लेखनातली संदर्भ देण्याची ऑक्सफर्डची पद्धत). सिमिलॅरिटी रिपोर्ट (इतर मजकुराशी किती साम्य आहे ते) २६ टक्के आला आहे.

एका 'इंटरनॅशनल मल्टिडिसिप्लिनरी' जर्नलला पाठवला, तर दुसऱ्याच दिवशी स्वीकृतीचं पत्र आलं. ३,५०० रुपये भरा, आठवड्यात अंक निघेल म्हणतात. भरू का? यूजीसी केअरच्या (मान्य जर्नलांच्या) यादीत त्यांचं नाव कुठे शोधायचं? २६ टक्के खाली कसे आणायचे? आणि एकाच वेळी तीन जर्नलांना पाठवलं तर चालतं का?

सिव्हिललाइन्सकर

पैसे भरू नका ताई. १४ हजार शब्द एका रात्रीत कुणी तपासत नसतं. आजच ईमेलने लेख मागे घेत असल्याचं कळवा, 'कोणताही कॉपीराइट फॉर्म भरलेला नाही' हे वाक्य त्यात घाला आणि ती मेल जपून ठेवा. लेख तिथे छापून आला, तर चांगल्या जर्नलसाठी तो संपलाच. आधी छापलेलं कुणी घेत नाही.

केअर यादी शोधू नका, यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये ती बंदच केली. 'यूजीसी केअर लिस्टेड' असं अजूनही मिरवणारं जर्नल दिसलं, तर तीच धोक्याची घंटा समजा. आता पारख आपली आपण करायची. आयएसएसएन (नियतकालिकांना मिळणारा क्रमांक) पोर्टलवर आठ अंकी क्रमांक टाकून नाव जुळतं का बघा, पण नुसता क्रमांक असणं म्हणजे दर्जा नव्हे, तो कुठल्याही नियतकालिकाला मिळतो. संपादक मंडळातल्या दोघातिघांच्या विद्यापीठातल्या पानावर या जर्नलचा उल्लेख आहे का पाहा. मग मागच्या अंकातला एक लेख उघडून फक्त तळटीपा वाचा. निकालांची सायटेशन चुकीची असतील, तर तिथे संपादन होत नाही.

आणि घाई कशाची आहे? यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमांनी प्रबंधाआधी लेख छापलाच पाहिजे ही सक्ती काढली. विद्यापीठाचा स्वतःचा नियम वेगळा असू शकतो, तो पीएचडी सेलमध्ये लेखी विचारा.

निस्तारपत्रक

पैशांचं झालं. मला खरी अडचण १४,२०० शब्दांत दिसते. प्रबंधाचं प्रकरण म्हणजे लेख नव्हे. प्रकरणात तुम्हाला सगळं माहीत आहे हे दाखवायचं असतं, लेखात एकच गोष्ट पटवायची असते. मालगुजारीचा (जुन्या जमीन-महसूल पद्धतीचा) इतिहास ३०० शब्दांत बसवा.

तुमच्या विषयात नवं काय आहे? सर्वोच्च न्यायालयाचा २२ मे २०२५ चा निकाल. झुडपी जंगल हे वनच, पण १२ डिसेंबर १९९६ पर्यंत सक्षम अधिकाऱ्याने वाटप केलेल्या जमिनींसाठी राज्याने केंद्राकडे मंजुरी मागायची, असा अपवाद. या अपवादावर लिहा. ही तारीख सर्वोच्च न्यायालयाच्या गोदावर्मन खटल्यातल्या, 'वन' कशाला म्हणायचं हे सांगणाऱ्या आदेशाची आहे, (१९९७) २ एससीसी २६७ (एससीसी म्हणजे 'सुप्रीम कोर्ट केसेस' हा निकालसंग्रह). त्या तारखेच्या दोन्ही बाजूंच्या जमिनींना वेगळा न्याय का, हा प्रश्न पहिल्या दोन परिच्छेदांत आला पाहिजे. पाचव्या पानावर आला, तर तिथवर कोणी पोचत नाही.

दोन ठिकाणी परीक्षक हमखास अडवतील. एक, कायद्याचं नाव. १ डिसेंबर २०२३ पासून वन (संवर्धन) अधिनियम, १९८० चं नाव 'वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम' झालं आहे. आधीच्या घटनांना जुनं नाव, नंतरच्यांना नवं, आणि पहिल्या उल्लेखाला तळटीप. दोन, भाषांतर. 'झुडपी जंगल'चं 'स्क्रब फॉरेस्ट' केलंत, की तुमचा वाद तुम्हीच निकाली काढलात, कारण ते वन आहे की महसुली नोंदीतला शब्द, हाच तर झगडा आहे. मूळ शब्द रोमन लिपीत तिरका ठेवा, अर्थ एकदाच सांगा. निस्तार पत्रक (गावाच्या जमीनवापराच्या हक्कांची नोंद), वाजिब-उल-अर्ज (गावातल्या रूढ हक्कांची नोंद) यांचंही तसंच. त्यांना महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १६१ आणि १६५ चा आधार द्या. नोंदींमधला मराठी मजकूर उद्धृत केला, तर 'भाषांतर लेखकाचे' असं लिहा.

तळटीप_मास्तर

२६ टक्क्यांमागे ऑस्कोलाचा हात असेल. ऑस्कोलात अवतरणाला एकेरी चिन्ह लागतं आणि टर्निटिन (साम्य तपासणारं सॉफ्टवेअर) फक्त दुहेरी चिन्हांतला किंवा आत सरकवलेल्या परिच्छेदातला मजकूर वगळतं. मग निकालाची सगळी वाक्यं साम्यात मोजली जातात. तपासणीपुरती एक प्रत दुहेरी चिन्हांची करा, ग्रंथसूची वगळायचा पर्याय लावा आणि आकडा पुन्हा बघा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांतही श्रेय दिलेली अवतरणं, संदर्भसूची आणि कायद्यांचा मजकूर मोजायचा नाही असं आहे. १० टक्क्यांपर्यंत कारवाई नाही. त्यानंतरही जे उरेल ते बहुतेक एससीसीच्या हेडनोटमधून (निकालावर संपादकाने लिहिलेल्या सारांशातून) उचललेलं निघतं. ते काढाच. निकालाचा मजकूर कुणीही उद्धृत करू शकतं, पण संपादकाने स्वतःच्या कौशल्याने घातलेल्या भागाला संरक्षण आहे, हे ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक, (२००८) १ एससीसी १ मध्ये आलंय.

तपासताना 'नो रिपॉझिटरी' (मसुदा साठवू नका) हा पर्याय निवडायला सांगा. नाहीतर मसुदा त्यांच्या साठ्यात जातो आणि पुढच्या वेळी तुमचाच लेख तुमच्याशी शंभर टक्के जुळतो.

'(एन ४७)' छापाचे, आधीच्या तळटीपेकडे बोट दाखवणारे आकडे हाताने टाइप केले असतील, तर काटछाट करताना सगळे घसरतील. वर्डमधलं क्रॉस-रेफरन्स वापरा. शेवटी मजकुरात कंट्रोल-ए करून एफ९ दाबा आणि मग एखाद्या तळटीपेत कर्सर ठेवून तेच पुन्हा करा. पहिल्या वेळी तळटीपा निवडल्या जात नाहीत, इथे भलेभले फसतात.

नागपूर खंडपीठाच्या नव्या निकालांना न्यूट्रल सायटेशन (न्यायालयाने स्वतः दिलेला क्रमांक) असतं, २०२३ पासून 'बीएचसी-एनएजी' असं. ते आधी द्या, रिपोर्टर (छापील निकालसंग्रह) नंतर.

वारंगा_रोड

धन्यवाद! मागे घेत असल्याची मेल पाठवली. आता तीन ठिकाणी पाठवायचं विचारू का पुन्हा? 🙂 शिवाय काही नोंदी माझ्या नावे केलेल्या माहिती अधिकार अर्जातून मिळाल्यात, त्या कशा दाखवू?

सिव्हिललाइन्सकर

तज्ज्ञांकडून परीक्षण होणाऱ्या बहुतेक जर्नलांना एका वेळी एकच. अमेरिकेतली विद्यार्थी-संपादित जर्नलं एकाच वेळी अनेक ठिकाणी पाठवू देतात, ती पद्धत इथे गृहीत धरू नका. प्रत्येकाच्या नियमांत लिहिलेलं असतं. शब्दमर्यादा तळटीपांसह आहे की वगळून, हेही तिथेच बघा. २१२ तळटीपांत हजारो शब्द जातात.

परीक्षण दुहेरी अनामिक (लेखक आणि परीक्षक दोघांची नावं एकमेकांपासून लपवलेली) असेल, तर माहिती अधिकाराच्या तळटीपेत कार्यालय, पत्राचा क्रमांक आणि तारीख एवढंच द्या, अर्जदाराचं नाव नको. आभार आणि 'माझ्या प्रबंधात' वगैरे काढा. वर्डमध्ये फाइल, इन्फो, इन्स्पेक्ट डॉक्युमेंट करा. मार्गदर्शकांच्या कॉमेंट्समध्येही नाव अडकलेलं असतं. फाइलचं नाव आडनावावरून ठेवू नका.

निस्तारपत्रक

एक राहिलं. स्वीकृतीनंतर येणारा करार वाचून सही करा. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हस्तांतरणाची मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत असं धरलं जातं. 'कायमस्वरूपी, जगभर' असं छापील असेल, तर त्याखाली प्रबंधात आणि पुढे पुस्तकात हाच मजकूर वापरायची मुभा लिहून घ्या. छापून आल्यावर कोणी ऐकत नाही.